भागीची हजेरी

सोमवार, २१ नोव्हेंबर १९८३. मुक्काम करंजशेत.

पोचलो एकदाच्या. पोलादपूर ते पेण एसटीत शकूने तीनदा उलटी केली. काल पेणला विठूकडे, म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडे, मुक्काम केला आणि आज सकाळी गडब गावी उतरून बैलगाडीने तीन मैल आत. ट्रंक, वळकटी, स्टोव्ह, शिवणाचं मशीन आणि आम्ही दोघी मायलेकी. गाडीवाल्याने मशीनकडे बघून विचारलं, बाई मास्तरीण हायेत का शिंपीण. मी म्हटलं, दोन्ही, आणि तुमची पोरं जटा वाढवून आली तर न्हावीणसुद्धा. शाळा येईपर्यंत हसत होता मेला.

गाव मला आवडलं. भात कापून खळ्यावर आलंय, रिकाम्या शेतांत वाल टाकलेत. शाळा वेशीबाहेर, कौलारू, दोन खोल्या आणि लांबलचक पडवी. पहिली ते सातवी. आमची खोली धोंडुबाईच्या परसात. ही बाई शाळेत पाणी भरते, झाडलोट करते आणि तोंड मिनिटभर बंद ठेवत नाही, म्हणजे आमचं जमणार. आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे ठेवली. शकूने दोन भाकऱ्या हाणल्या आणि वर विचारलं, आई, आता इथेच राहायचं ना आपण?

हो म्हटलं. या बदलीसाठी दोन वर्षं चपला झिजवल्यात. शकूचे बाबा गेल्यावर त्या डोंगरातल्या शाळेत आम्ही दोघीच, रात्रीबेरात्री पोर आजारी पडली तर हाक मारायला माणूस नाही. इथून विठू तासाभरावर. शकू आठ वर्षांची, तिसरीत. ती मॅट्रिक होईपर्यंत मी इथून हलत नाही, कुणी हलवून दाखवावंच.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

मुख्याध्यापक महिपती गुरुजी. पन्नाशी उलटलेले, धोतर-टोपी, आवाज मऊ, याच गावचे. मला पहिली ते चौथी दिली, पुढचे वर्ग त्यांच्याकडे. हजेरी मात्र सगळ्या शाळेची एकत्र, अकराच्या ठोक्याला, पडवीत.

आता या हजेरीची गंमत. पटावर नावं चाळीस, शकू धरून. समोर पोरं सव्वीस. आणि हजर चाळीस! मी बघतच राहिले. गुरुजींनी समजावलं ते असं. दिवाळी झाली की वाडीवरची कातकरी माणसं पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोरंही बरोबर नेतात, ती परततात पावसाच्या तोंडाला. तेवढ्यात त्यांची नावं कमी केली तर पट चाळीसच्या खाली येतो आणि दुसऱ्या शिक्षकाची जागा जाते. म्हणजे माझी. म्हणून गेलेल्या प्रत्येक पोराला गावातलं एक पोर जोडून दिलंय. ते आपल्या नावाला हजर म्हणतं आणि जोडीदाराच्या नावालाही, जरा आवाज बदलून. साहेब तपासणीला आला की त्याची मान पटावर असते, तो फक्त कानाने मोजतो. ऐन वेळी कुणी अडखळू नये म्हणून रोज सराव.

पोलादपूरला आम्हीही काही कमी लबाड नव्हतो, पण इतकी शिस्तीतली लबाडी प्रथमच पाहिली. मला हसू आवरेना.

तिसरीतल्या एका नावाला मात्र जोडी नव्हती. भागी मोतीराम. आधी तिची हजेरी गुरुजींची नात मैना द्यायची, पण दिवाळीपासून तिचा घसा बसलाय म्हणे. गुरुजींनी शकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, नवी मुलगी देईल का. मी तोंड उघडायच्या आत आमच्या बाईसाहेबांचा हात वर. मला कसली हरकत असणार. तिने असा खणखणीत हजर ठोकला की सगळी पोरं वळून बघायला लागली. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. उद्यापासून हजेरी मी घ्यायची असं ठरलं.

शनिवार, २६ नोव्हेंबर

आठवडा मजेत गेला. पहिलीतला कान्हू पाटी चाटून पुसतो, त्याला ओलं फडकं दिलं. चौथीच्या पोरी माझ्या मशीनवर झबली शिवून घ्यायला रांग लावून आहेत.

शकू रमलीय. बसताना तरटावर शेजारी एक जागा सोडते. सुकडी वाटली की अर्धी पानावर काढून त्या जागेपुढे ठेवते. कुणासाठी गं, विचारलं तर म्हणाली, भागीसाठी, ती आली की उपाशी असते. पोरीला मैत्रीण मिळाली, खोटी का होईना. एकुलतं एक मूल म्हटलं की असं चालायचंच.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

शकूची नखं आज नारळाच्या काथ्याने घासून धुतली. आत लाल भुकटी, विटेची असते तशी. शाळेचं आवार काळ्या मातीचं, आमचं परस शेणाने सारवलेलं, मग ही आणली कुठून? खेळताना, म्हणाली. तळवेही खरखरीत झालेत. खोबरेल लावलं.

आणि एक. हजेरीत स्वतःच्या नावाला ही अगदी पुटपुटते, भागीच्या नावाला मात्र आवाज मोठा आणि जरा घोगरा. नकलाकारच आहे मूळची. बापावर गेलीय.

गुरुवार, १ डिसेंबर

आज अक्षर वाईट येणार.

मधल्या सुट्टीत कुंपणापाशी एक कातकरीण उभी होती. वाळलेली, डोक्यावर पदर, पायांवर गुडघ्यापर्यंत लाल धूळ. पारी नाव. भट्टीवरून निम्मी वाट चालत आली होती. म्हणाली,

"बाई, माझे पोरीचा दाखला द्या."

मी विचारलं कोणती पोर, तर म्हणाली भागी. मी आपली शहाणपणाने सांगायला लागले, की अगं, शाळा सोडल्याचा दाखला कशाला नेतेस, पावसात परत याल तेव्हा चौथीत बसेल ती. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली,

"ती मेली ना, बाई. माघात. इटांची रास पडली अंगाव. तुमी रोज नाव घेऊन बलावता, म्हणून ती इथंच येते. माझेकडं येत नाय, पुढं बी जात नाय. नाव काढा तिचा."

रडली नाही. तेवढं बोलून आलेल्या वाटेने गेली. धोंडुबाई हंडा घेऊन मागे उभी होती. तिला विचारलं, खरं का हे. व्हय, म्हणाली. पारी महिन्या-दोन महिन्यांनी येते आणि गुरुजी तिला परत पाठवतात. आणि आजवर एकदाही न थांबलेली ही बाई एवढंच बोलून हंडा घेऊन निघून गेली.

म्हणजे दहा महिने ही शाळा मेलेल्या पोरीची हजेरी लावतेय. आणि गेले दहा दिवस माझी शकू तिच्या नावाने ओ देतेय.

शुक्रवार, २ डिसेंबर

गुरुजींना फैलावर घेतलं. लाज नाही का वाटत, म्हटलं. ते मान खाली घालून एवढंच म्हणाले, की भागी गेली की पट एकोणचाळीस. तपासणी बाराला आहे. नंतर बघू.

मी गप्प बसले. कुणाला सांगायचं नाही पण इथे लिहिते: मला माझी जागा दिसली, पेणचा विठू दिसला, आणि मी गप्प बसले. दहा दिवसांचा तर प्रश्न, असं मनाशी म्हटलं. फक्त शकूने हजेरी द्यायची नाही, हे मात्र बजावलं. तिलाही आणि गुरुजींनाही. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवार, ५ डिसेंबर

भागीचं नाव घेतलं आणि पुढे जाणार, तोच हजर ऐकू आलं. शकू माझ्यासमोर बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते, मी डोळ्यांनी पाहिलं. आवाज मात्र तिच्यातूनच आला, गळ्याच्या खालून कुठून तरी.

पोरं हसली नाहीत. सगळी खाली तरटाकडे बघत होती. त्यांना हे नवीन नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग शकूचं नाव घेतलं. ती नुसती बघत राहिली. तीन वेळा घेतलं. मैना शेजारून कोपराने ढोसत होती तिला.

बुधवार, ७ डिसेंबर

संध्याकाळी भाकऱ्या थापत होते. मागून हाक आली, बाई, पाणी पाहिजे. मला वाटलं शाळेतलं कुणी आलं. शकू उभी होती.

मी म्हटलं, शकू, मी कोण तुझी? म्हणाली, बाई.

थट्टा करू नको म्हणून ओरडले. घाबरली, भिंतीला लागून उभी राहिली, अंग चोरून. ही माझी पोर अशी कधीच उभी राहत नाही. ओरडलं की उलट बोलते ती. बाबांचा फोटो दाखवला. ओळखीचं काहीच नाही तोंडावर.

गुरुवार, ८ डिसेंबर

शकूला घरी ठेवलं, धोंडुबाईला शेजारी बसवलं. शाळेत हजेरी घेताना भागीचं नाव गाळलं. पण सवयीने शकूचं घेतलं, आणि —

तरटावर शकू भागीसाठी जागा सोडते ना, तिथून उत्तर आलं. जागा रिकामी होती. आवाज शकूचा होता, तिचा स्वतःचा, पहिल्या दिवसासारखा खणखणीत.

धावत घरी आले. शकू उंबऱ्यात बसून मातीच्या लहान लहान विटा थापत होती, एकीला एक लावून, अगदी सरळ ओळीत. धोंडुबाई म्हणाली, अकराच्या सुमाराला उठून उभी राहिली आणि हजर म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

शुक्रवार, ९ डिसेंबर

पेणला नेलं. डॉक्टर म्हणे अशक्तपणा, टॉनिक द्या. तिथल्या बाकावर, दहा पेशंटांच्या मधे, भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले आणि माझी पोर उभी राहून हजर म्हणाली. लोक हसले. विठूला वाटलं शाळेची फार गोडी आहे भाचीला.

म्हणजे लांब नेऊनही उपयोग नाही. परत आणलं.

सोमवार, १२ डिसेंबर

तपासणी झाली. चाळीस नावं, चाळीस हजर. साहेब खूश. जाताना शकूच्या गालाला हात लावून नाव विचारलं.

भागी मोतीराम, म्हणाली. साहेब म्हणाले, छान, स्वच्छ बोलते हो वाडीवरची मुलगी. आणि वहीत लिहून घेतलं.

जागा वाचली माझी. आग लागो त्या जागेला.

मंगळवार, १३ डिसेंबर

दाखल्याचं पुस्तक मागितलं. आज नाव काढा, म्हटलं, आत्ता. गुरुजींनी ते छातीशी धरलं, देईनात. मग बसले खाली आणि बोलले सगळं.

"श्रावणात मी लिहिला होता दाखला, बाई. सही केली आणि मैना पडवीत कोसळली. नाडी लागेना. फाडून टाकला तेव्हा डोळे उघडले तिने."

जो भागीची हजेरी देतो, म्हणाले, त्याच्यात ती हळूहळू बसते. दाखला दिला की ती जाते, पण एकटी नाही, हजेरी देणाऱ्याला घेऊन. सुटायचा रस्ता एकच: दुसऱ्या कुणीतरी तिच्या नावाला हजर म्हणायचं. मग पहिला मोकळा.

मी विचारलं, हे ठाऊक असून माझी पोर दिलीत? म्हणाले, मैना माझी एकुलती नात आहे.

त्यांच्या तोंडात मारली मी. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसावर हात उचलला. मग विचारलं, पोरंच का, तुम्ही स्वतः का नाही म्हणालात हजर? त्यांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले,

"धीर झाला नाही."

विठूला चिठ्ठी धाडली गाडीवाल्याकडून. गुरुवारी दुपारी ये आणि शकूला घेऊन जा, एवढंच लिहिलं.

बुधवार, १४ डिसेंबर

शकू जेवत नाही. भाकरी पदराखाली लपवून ठेवते, आयला नेते म्हणते. आय म्हणजे मी नव्हे.

आज जे केलं ते लिहिते. कान्हूला जवळ बोलावलं. आई-बाप नाहीत, चुलत्याकडे वाढतोय. कुणी विचारणार नाही, असं मनात आलं. आलंच. हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. उद्या भागीच्या नावाला हजर म्हणशील का, एवढं विचारायचं होतं. तो नाक पुसत वर बघत होता, अजून मिळतील का म्हणून.

नाही. झालं नाही माझ्याने. जा म्हटलं.

मग उरलं कोण. मीच.

आणि मी म्हटलं हजर, की लगेच दाखलाही लिहायचा. नाहीतर माझ्यानंतर गुरुजी पुन्हा कुणाचं तरी पोर उभं करतील. पारीला निरोप गेलाय. उद्या येईल.

गुरुवार, १५ डिसेंबर. सकाळ.

शकूची ट्रंक भरली. दोन झगे, बाबांचा फोटो, पुस्तकं. तिच्या वेण्या घातल्या. तिने घालू दिल्या, परक्यासारखी बसून. विठू तिला नीट सांभाळेल. वेंधळा आहे, पण जीव लावतो.

भीती वाटते. खूप वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे.

अकरा वाजून गेले

घेतलं नाव. भागी मोतीराम. शकूच्या आधी मीच ओरडले, हजर. सगळी शाळा ऐकेल असं.

पोरं टकाटका बघत राहिली. आणि शकू — दचकली, इकडे तिकडे पाहिलं, भोकाड पसरलं. म्हणाली, आई, मला भूक लागलीय.

आई म्हणाली. आई म्हणाली मला.

पोटाशी धरून रडले सगळ्यांसमोर. मग भाकरी भरवली, पूर्ण खाल्ली तिने. मैनाबरोबर अंगणात गेलीय. तिचा आवाज येतोय. उलट बोलतेय कुणाला तरी.

मधली सुट्टी

गुरुजींनी पुस्तक आणून दिलं. दारात उभे आहेत, आत येत नाहीत.

दाखला लिहिते. मुलीचं नाव, भागी. वडील, मोतीराम. इयत्ता तिसरी. वर्तणूक चांगली. शाळा सोडल्याचं कारण, मृत्यू. लिहिलं.

तळवे दुखतायत. नखांत लाल आहे. धुतलं, तरी —

सही राहिली. माझं नाव — आधीच्या पानांवर कुठे असेल, बघते. नाही. या वहीत कुठेच लिहिलेलं नाही मी.

हात आपोआप सही करेल. रोज करतो. डोळे मिटते —

झाली. केली सही.

अंग हलकं — उजेड फार आहे अंगणात —

आय आली. कुंपणाशी हुबी हाय. हात पुढं केलाय. चल म्हणते. येते गो आय, येते —

दारात एक पोरगी आलीय. वेण्या घातलेली. मला आई आई म्हणून हलवते. रडते. चांगल्या घरची दिसते. कुणाची हाय कोण जाणे. तिला कुणीतरी जवळ —